टेक ऑफ आणि डोक्यावरची टोपी

इंग्रजीतलं ‘टेक ऑफ’ हे क्रियापद दिसायला लहान, पण कामं पुष्कळ करतं. अंगावरचं काही काढणं, विमानानं जमीन सोडणं, कामावरून सुट्टी घेणं आणि एखाद्याची नक्कल करणं. मी हे अर्थ याच क्रमानं पाठ केले होते आणि तेही उर्दूतून. निजामी राज्यात आमची शाळा उर्दूतच चालायची.

त्या वर्षी पाठांतर पक्कं असणं भाग होतं. शाळा परगावी होती; वालूरला आमचं घर आणि भुसार मालाचं दुकान होतं. वडिलांनी बजावलं होतं, “औंदा इंग्रजीत पास न्हाई झालास तर दुकानात बसायचं. लय झालं शिक्षण.”

तोंडी परीक्षेला शाळा तपासणारे मोहतमिम साहेब स्वतः आले. त्यांची रीत अशी, की इंग्रजीत हुकूम सोडायचा आणि मुलानं तो करून दाखवायचा. माझ्या आधीचा ‘सिट डाउन’ ऐकून खाली बसला आणि सुटला.

मला हुकूम आला, “टेक ऑफ युवर कॅप.”

अर्थ कळला, पण हात वर जाईना. आमच्याकडं टोपी उतरायची ती घरात कुणी गेलं तर. वडील धडधाकट असताना मोठ्या माणसापुढं बोडक्यानं कसं उभं राहायचं?

मागून मित्र कुजबुजला, “काढ की लेका! का मरायलायस?”

मास्तर डोळ्यांनी खुणावत होते. साहेबांची पेन्सिल कागदावर टेकली. “समझा नहीं?”

“समझा, साहब. टोपी उतारो. मगर घर में सब सलामत हैं.”

साहेबांचा हात नकळत स्वतःच्या रूमी टोपीकडं गेला.

“अच्छा. तो बाकी के मानी बताओ. जुमले बनाकर.”

विमानाचं वाक्य झालं, सुट्टीचं झालं. नक्कल आली आणि घाईत जे खरं होतं तेच तोंडातून गेलं, “माय फ्रेंड टेक्स ऑफ अवर टीचर.”

“कौन सा फ्रेंड?”

मागं बघायचं टाळून मी टोपी सारखी केली. मागचा मित्र बाकाखाली वाकला.

साहेबांनी कागदावर खूण केली. “पास. बैठो.”

ते बाहेर पडताच मास्तर माझ्यामागच्या बाकापाशी जाऊन उभे राहिले. “ऊठ. दाखव बरं, मी कसा दिसतो.”

मी दप्तर उचललं आणि सुट्टीचा ‘टेक ऑफ’ करत वालूरची वाट धरली.