बांधावरच्या लाल खुंट्या

अर्जातल्या एकाच प्रश्नाचं उत्तर घरी बसून लिहिण्यासारखं नव्हतं. तुमच्या भागातली एक अडचण निवडा, ती प्रत्यक्ष जागेवर जाऊन मोजा, आणि अभियंता म्हणून त्यावर काय कराल ते मांडा. मुंबईतल्या एका संस्थेत समाजोपयोगी अभियांत्रिकी असा काहीतरी नवाच पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू होत होता. रोह्याच्या कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी पेपरातलं कात्रण माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाल्या, "घे, तुझं सारखं गाव-गाव चाललेलं असतं ना!" त्या चिडवत होत्या. मी मात्र त्याच दिवशी ठरवून टाकलं. मला असं पटकन ठरवायची खोड आहे, आणि एकदा ठरवलं की कुणाला विचारायची सवय नाही.

अडचण शोधावी लागलीच नाही. आमचं गाव पेणच्या खाली, धरमतरच्या खाडीला लागून. गावाची सगळी भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली, आणि खाडीच्या आणि भाताच्या मध्ये फक्त एक मातीचा बांध. त्याला भगदाड पडलं, म्हणजे आमच्या भाषेत खांड गेली, की खारं पाणी शेतात शिरतं. मग दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. म्हणून अमावास्या-पुनवेच्या मोठ्या उधाणाला प्रत्येक घरातलं माणूस बांधावर जातं. रांग लागते. खालच्या चिखलाचे गोळे या हातातून त्या हातात जातात आणि जिथे बांध खचलाय तिथे थापले जातात. रांगेतली जागाही घरागणिक ठरलेली. बाबा जिथे उभे राहत, तिथे त्यांच्या आधी आजोबा उभे राहायचे.

बांध कुठे किती बसलाय, हे उधाण येण्याआधीच मोजून ठेवलं तर माणसं नेमकी तिथे लावता येतील, असा माझा साधा हिशेब. उन्हाळ्यात बांध कोरडा झाला तेव्हा एका रविवारी मी बांबूच्या खुंट्या ठोकत निघाले. पातळी बघायला पाण्याने भरलेली नळी, तिचं एक टोक माझ्या हातात, दुसरं आईच्या. आई म्हणाली, "इंजिनेर झालीस ती आईला उन्हात उभी करायला काय गो?" पण तिलाही मजा वाटत होती. खुंट्या लांबून दिसाव्यात म्हणून मी त्यांच्या टोकांना रंग दिला. कंपनीत पाइपांना मारतात तो तांबडा रंग डब्याच्या तळाशी उरला होता, तोच.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्या वर्षांत रोह्याच्या पुढे रेल्वेचं काम चाललं होतं. कोलाडच्या माझ्या मावशीच्या शेतात अशाच लाल टोकांच्या खुंट्या आल्या होत्या. मी त्या पाहिल्या होत्या, त्यांच्या शेजारी बसून कलिंगड खाल्लं होतं. पुढच्या खेपेला गेले तेव्हा तिथे मातीचा उंच भराव होता. खाडीकडच्या गावांतही पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमिनीची चौकशी करत फिरत होती. लाल खुंटी आली की जमीन गेली, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आणि इथे खुंट्या ठोकणारी कोण? तर रोज वडखळ नाक्यावर कंपनीच्या बसमधून उतरणारी. हे सगळं मला माहीत होतं आणि तरीही सुचलं नाही, याचा राग मला अजून येतो.

पुढच्या रविवारी बांधावर एकही खुंटी नव्हती. सकाळी दार उघडलं तर सगळ्या आमच्या ओटीवर होत्या. फेकलेल्या नव्हत्या. धुतलेल्या होत्या, सुंभाने नीट बांधलेल्या, लाल टोकं सगळी एका बाजूला. कुणी मोडून टाकल्या असत्या तर मी भांडले असते. ती मोळी मात्र मी उचलून आत नेली.

त्यानंतर गावाने आम्हाला काही म्हणजे काही म्हटलं नाही. आई पाण्याला गेली की विहिरीवरचं बोलणं थांबायचं. तिने कशी आहेस विचारलं तर, "बरी हाय गो," एवढं उत्तर यायचं आणि हंडा उचलला जायचा. आमच्या मागच्या घरातली म्हातारी लहानपणी मला मांडीवर घेऊन कोलीम-भाकर भरवायची. तिने एकदा मला वाटेत अडवलं आणि अगदी मायेने विचारलं, "तुमच्या कंपनीला किती लागते गो जमीन? सगलीच काय?" मी तिला अर्ज, अभ्यासक्रम, संस्था सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "व्हय, व्हय. तुला तेंनी असंच सांगितलं असंल."

बाबा मला म्हणाले, "तू फॉर्म भर. बाकी मी बघतो." मी मोजमापं लिहिली, आराखडा काढला आणि पेणच्या पोस्टातून अर्ज पाठवला. गावात कुजबुज आहे, विरून जाईल, असं मी स्वतःला समजावत होते. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

ज्येष्ठ अमावास्येच्या उधाणाला ती भीती खरी झाली. दुपारची भरती होती. बाबा नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले. खालून एक गोळा आला, बाबांनी तो घेतला आणि वर द्यायला वळले, तर वरच्या माणसाने हात पुढे केलेच नाहीत. तो बाबांचा लहानपणापासूनचा मित्र. तो खाडीकडे बघत राहिला. मग खालच्यानेही पुढचा गोळा बाबांना ओलांडून, लांब हात करून, थेट त्याला दिला. त्याने तो घेतला. रांग अशीच चालू राहिली, बाबांना वगळून. बाबा तो गोळा हातात घेऊन उभे होते. चिखल त्यांच्या कोपरांवरून ओघळत होता. शेवटी हातात काही उरलं नाही, तेव्हा ते खाली उतरले आणि शर्टाला हात पुसत घरी आले. बांधावर कुणी शिवी दिली नाही, कुणी हसलं नाही. वाळीत टाकलं हा शब्द तर कुणी उच्चारलाच नाही.

आमच्याकडे ज्या घराचे हात बांधाला चालत नाहीत, त्या घराचं पुढे लग्नात चालत नाही, मयतात चालत नाही. त्यांच्या तुकड्यावर बांध खचला तर धावून जायचं की नाही, हेही मग गाव ठरवणार. बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

त्यांनी देवळात बैठक मागितली. मी आराखड्याची गुंडाळी घेऊन निघाले होते. ते म्हणाले, "बाया येत नाय बैठकीला. दे हिकडं, मी दाखवतो." परत आले तेव्हा गुंडाळी तशीच गुंडाळलेली होती, पण चेहरा मोकळा होता.

"झालं. घेतलं आपल्याला रांगेत."

"खुंट्यांचं समजावलंत ना?"

"समजावलं. कुणाला पटलं, कुणाला नाय पटलं."

"मग घेतलं कसं?"

बाबांनी तांब्यातलं पाणी पिऊन घेतलं. "मी शब्द दिलाय. माजी पोरगी बांधावर पाय ठेवणार नाय."

"कधीपर्यंत?"

"असं कुणी इचारलं नाय," ते म्हणाले आणि झोपायला गेले. आईने माझ्याकडे बघितलं नाही. मला ओरडावंसं वाटत होतं. पण त्या माणसाला इतक्या दिवसांनी झोप लागत होती, त्याच्यावर काय ओरडणार?

मुलाखतीला मुंबईला गेले. टेबलापलीकडे चौघे बसले होते. त्यांनी विचारलं, मोजणी करताना लोकांचा प्रतिसाद कसा होता? मी ठरवलं नव्हतं तरी खरं तेच सांगून बसले. खुंट्या, मोळी, रांग, सगळं. त्यांना ते फार आवडलं. एक सर भराभर टिपून घेत होते. दुसरे म्हणाले, पुस्तकात मिळत नाही ते तुम्ही घेऊन आलात. मग त्यांनी विचारलं की पुढे आपल्याच गावात काम करायला आवडेल ना. मी हो म्हणाले. बाबांच्या हातातला चिखल त्यांना इतका आवडावा याचा संताप आला होता, आणि तरी निवड व्हावी असंही वाटत होतं. निवड झाली. जायच्या तयारीला महिना उरला होता.

त्या महिन्यात आषाढ अमावास्येचं उधाण आलं. आई आणि बाबा दोघेही बांधावर गेले होते. लावणी होऊन रोपं नुकतीच उभी राहिली होती. मी घरात ट्रंक भरत होते, तेवढ्यात बांधाकडून आरोळी उठली, "खांड! खांड गेली!" आणि पाठोपाठ, "माणूस कमी हाय! या रं, या!" अर्धे पुरुष शिफ्टला, काही आखातात. मी होते तशी पळत सुटले.

बांध आमच्याच शेताच्या अंगाला फुटला होता. रांग ठिकठिकाणी तुटलेली, आई दोन माणसांची जागा एकटी भरत होती आणि तिचा पाय सारखा घसरत होता. मी बांधाच्या पायथ्याशी पोहोचले, साडीचा पदर खोचला आणि चढायला हात टेकले. बाबांनी मला बघितलं. रांगेत त्यांच्या लगेच वर उभ्या असलेल्या मित्रानेही बघितलं आणि त्याचे हात थांबले.

बाबा ओरडले नाहीत. हातातला गोळा त्यांनी मित्रापुढे धरला आणि मला म्हणाले, "वर येऊ नको, बाय. तिथंच रहा."

मित्राने गोळा घेतला. रांग परत चालू झाली. मी खाली उभी होते, दोन्ही हात मोकळे, आणि माझ्या घोट्यांवरून खाडीचं पाणी आमच्या भातात शिरत होतं.