कांदाकिंगचा डबा बघायला नामपूरला

२००९च्या जानेवारीत माझा जळफळाट सुरू झाला तो पावणेतीन मिनिटांच्या एका व्हिडिओमुळे. मी तेव्हा सिडकोत राहायचो, अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करायचो आणि उरलेला वेळ कन्सोलवर गाड्यांच्या शर्यतीत घालवायचो. एखादी फेरी झकास झाली की ती रेकॉर्ड करून नेटवरच्या गेमवाल्यांच्या एका फोरमवर टाकायची, ही हौस. माझं रेकॉर्डिंग कसलं, तर कॉम्प्युटरमधल्या टीव्ही ट्यूनर कार्डात पिवळी पिन खुपसायची आणि जे चित्र येईल ते गोड मानून घ्यायचं. खाली लोक लिहायचे, 'भाऊ, गाडी चिखलातून चालवतो का?'

त्याच फोरमवर, त्याच गेमचा, त्याच ट्रॅकचा व्हिडिओ 'कांदाकिंग' नावाच्या कोणीतरी टाकला. एचडी. रस्त्यावर उठलेले टायरचे ओरखडेसुद्धा मोजून घ्यावेत. फेरी माझ्यापेक्षा दोन सेकंद हळू होती, तरी खाली नुसती वाहवा. मी तो व्हिडिओ सात-आठ वेळा पाहिला आणि जेवलो नाही. बायको अश्विनी म्हणाली, "पोटात दुखतंय की पोटात दुखतंय?" मी व्हिडिओ पुन्हा सुरू केला.

शेवटी निरोप टाकला, 'कोणतं यंत्र वापरता?' उत्तर आलं, 'नामपूरला या. माल बघितल्याशिवाय आम्ही भाव सांगत नाही.' नामपूर. माझ्याच जिल्ह्यात, बागलाण तालुक्यातलं कांद्याचं मार्केट. मुंबईचा कोणी श्रीमंत पोरगा असता तर मी एक वेळ सोसलं असतं.

रविवारी सकाळी साडेसहाला बाइकवर निघालो. अश्विनी मागे. शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता आहे, जाऊन-येऊन अडीचशे रुपयांचं पेट्रोल धरा. आग्रा रोडने ओझर, पिंपळगाव. थंडी इतकी की हँडलवरचे हात माझे आहेत यावर विश्वास बसेना. थंडीने द्राक्षं खराब होऊ नयेत म्हणून बागांतून रात्रभर शेकोट्या पेटवलेल्या होत्या, त्यांचा धूर अजून रस्त्यावर रेंगाळत होता. हातमोजे विसरू नका, मी विसरलो होतो.

चांदवडच्या अलीकडे सोग्रस फाट्याला डावीकडे वळायचं. भावडबारीचा घाट छोटाच आहे, पण कांद्याचे ट्रॅक्टर आणि आपण एकाच वेळी वळणावर आलो की देव आठवतो. देवळ्यात चहा घेतला. सटाण्यात शेवभाजी आणि भाकरी, दोघांचे ऐंशी रुपये. तर्री जपून मागा. अश्विनीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी तिने दुसरी वाटी मागवली.

"तू त्याला काय विचारणार आहेस?" तिने विचारलं.

"काही नाही. बघणार नुसतं."

"म्हणजे विचारायला जीभ वळणार नाही तुझी."

नामपुरात पत्ता लगेच सापडला. खाली कांद्याचं गोदाम, वर घर. जिना चढलो तर दारात साठीच्या बाई उभ्या. "नाशिकथून उनात का? बसा भाऊ, पानी ल्या," अहिराणीत म्हणाल्या. 'उनात' म्हणजे आलात. मी कांदाकिंग कुठेत विचारलं. त्यांनी आत बघून हाक मारली, "सुरेखा, तुना त्या गाडीवाला उनात."

आतून तिशीच्या एक बाई कणकेचे हात पुसत आल्या. कांद्याच्या व्यापाऱ्याची सून, दोन मुलांची आई, आणि माझी झोप उडवणारा कांदाकिंग. मी 'नमस्कार' म्हणालो, तो माझा मलाच नीट ऐकू आला नाही.

सुरेखावहिनींनी आधी चहा केला आणि मग यंत्र दाखवलं. टीव्हीखाली काळा, वहीएवढा डबा. कन्सोलमधून पाच वायरी त्यात शिरत होत्या, लाल, हिरवी, निळी चित्राची आणि लाल, पांढरी आवाजाची. डब्यातून तशाच पाच टीव्हीला जात होत्या, त्यामुळे खेळताना चित्र अडखळत नाही. एक वायर कॉम्प्युटरला. हा डबा त्यांच्या दुबईतल्या दिराने आणला होता, तो तिथे कांदा उतरवून घेतो.

"लाइट दिवसाचे आठ-आठ तास नसते," वहिनी म्हणाल्या. "असली की पोळ्या करू का रेकॉर्डिंग करू असं होतं. तासाभराला पाच-सहा जीबी जातात. आणि व्हिडिओ नेटवर टाकायला हार्ड डिस्क घेऊन सटाण्याच्या कॅफेत जावं लागतं."

सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "मनी सूनले त्या गाड्यास्नं लई येड शे."

माझ्या घरी वीज होती, ब्रॉडबँड होतं, पोळ्या करायला अश्विनी होती. मला त्या डब्याकडे बघवेना.

वहिनी पुढे म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही गाडी लय भारी चालवता. मी तुमचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघते. चित्रात काय दिसत नाय, तरी बघते." मला तो टोमणा वाटला.

मग मुद्दा निघाला. दीर महिन्याभरात येणार होता, माझ्यासाठीही एक यंत्र आणायला तयार होता, पण त्याला संध्याकाळच्या फोनवर यंत्राचं नाव सांगायचं होतं. दोन पर्याय होते. एक असाच पाच वायरींचा डबा. दुसरं नवीन आलेलं कार्ड, एकच एचडीएमआय केबल, चित्राच्या स्पष्टतेचे आकडे याच्याहून मोठे आणि किंमत हजारभर जास्त. माझा हिशोब सोपा होता. वहिनींकडे आहे तेच घेतलं तर बरोबरी होईल. मला बरोबरी नको होती.

"एचडीएमआयवालं," मी म्हणालो.

"ते नका घेऊ. आपल्या कन्सोलवर चालत नाय. पडदा काळा येतो."

"कशावरून?"

वहिनींनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाल्या, "ऐकलंय असं."

ते बघणं मी टिपलं आणि माझी खात्रीच पटली. हिला आपल्याहून चांगलं चित्र दुसऱ्या कोणाचं नकोय. अश्विनीने माझ्या गुडघ्याला चिमटा काढला. मी तो गुडघा बाजूला घेतला.

"नक्की ना भाऊ? लिलावात एकदा हो म्हटलं की आमच्याकडे मागे फिरत नाहीत."

"हो म्हटलं."

निघताना सासूबाईंनी पंधरा किलो लाल कांद्याची गोणी बाइकला बांधायला लावली. "रिकामा हाते कोनी जास नही," म्हणाल्या. येताना वाटेत कुठेच थांबलो नाही. देवळ्याजवळ अश्विनी म्हणाली, "खरं बोलत होत्या त्या." मी गाडीचा वेग वाढवला.

फेब्रुवारीत कार्ड आलं. चौदा हजार. बसवलं, केबल लावली, कन्सोल सुरू केला. ना आवाज, ना चित्र. पडदा काळाकुट्ट. तुम्ही असलं काही घ्यायच्या विचारात असाल तर नीट वाचा. आमच्या कन्सोलमधून एचडीएमआयने बाहेर पडणाऱ्या चित्राला कुलूप असतं. किल्ली टीव्हीकडे असते, रेकॉर्डिंगच्या कार्डाकडे नसते. पाच वायरींच्या चित्राला कुलूप नसतं, आणि तरी ते एचडीच असतं. एवढं कळायला मला चौदा हजार आणि तीन आठवडे लागले. हेच नामपूरला फुकट सांगितलं होतं, चहासकट.

शेवटी अश्विनीनेच फोन लावून माझ्या हातात दिला. मी कबूल केलं. पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तेच कार्ड माझ्या कपाटात साड्यांखाली पडलंय. मीही आधी तेच मागवलं होतं. सासूबाईंना माहीत नाय, म्हणून त्या दिवशी बोलता आलं नाय."

ती नजर आठवली, आणि तिच्यावर मी काय काय रचलं तेही.

"आठ दिवस माझा डबा वापरा," वहिनी म्हणाल्या. "कांद्याच्या टेम्पोत पाठवते."

डबा गोणपाटात गुंडाळून आला. मी आठ दिवस रेकॉर्डिंग केलं. माझं चालवणं पहिल्यांदा स्वच्छ दिसलं आणि मला वाटत होतं तितकं ते सफाईदार नव्हतं. पण चिखलाचा विषय संपला, लोकांनी कौतुक केलं, आणि मी प्रत्येक वाक्य अश्विनीला वाचून दाखवलं.

आठव्या दिवशी वहिनींचा फोन आला. "डबा नव्हता म्हणून नुसती खेळत बसले. तुमच्या व्हिडिओतनं वळणं शिकले. काल तुमच्यापेक्षा अर्धा सेकंद पुढे गेले. पण आता रेकॉर्ड कशावर करू? डबा तुमच्याकडे."

जुना जळफळाट पुन्हा सुरू झाला. त्या फेरीचा पुरावा बनवणारं एकमेव यंत्र माझ्या टेबलावर होतं.

"पाठवतो की," मी म्हणालो. "पण उद्या अमावस्या. मार्केट बंद, टेम्पो नसेल."

वहिनी हसल्या. "अमावस्या परवा आहे, भाऊ. कांद्याच्या घरात राहते मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः डबा गोणपाटात बांधला, पाचही वायरी मोजून ठेवल्या आणि टेम्पोवाल्याच्या हातात दिला. गोणीतले कांदे महिन्याभरातच संपले होते. कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. वहिनींचा व्हिडिओ पाच दिवसांनी आला. अर्धा सेकंद. त्यांनी तिसरं वळण माझ्याच पद्धतीने घेतलं होतं, माझ्याहून सफाईने. मी तो सात-आठ वेळा पाहिला, मग खाली पहिल्यांदाच लिहिलं, 'वहिनी, लय भारी.' त्या रात्री जेवलो मात्र उशिराच.