बाजेवरची आई

डॉक्टरांचं सांगणं मोडलं ते मीच. आज कपाटात आईचा कंबरेचा पट्टा सापडला, बामाचा वास अजून तसाच, आणि ते सगळं आठवलं. पाच वर्षांपूर्वी मोसंबीच्या बागेत आई घसरून आपटली आणि ठिसूळ झालेला मणका दबला. जालन्याचे डॉक्टर म्हणाले होते, "काही आठवडे पट्टा बांधा, मग रोज चालवा, पाठीचा व्यायाम करून घ्या." मी तिला चार महिने बाजेवरून उतरू दिलं नाही. म्हातारीला राबवतो असं भावकीनं म्हणू नये, ही भीती होती. ती चिडायची, "आरं, लोणचं घातलं का माझं? किती मुरवतो?" मी हसायचो. पुन्हा तपासलं तेव्हा पाठीचे स्नायू सुकून बारीक झालेले दिसले. स्नायूंचा आधार नसल्यानं मणका सावरलाच नव्हता. "झोपवून ठेवलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं. मी बोलायच्या आत आई म्हणाली, "मीच उठत न्हवते, डॉक्टरसाहेब." मी तिला हाताला धरून बाहेर आणलं. आज ती भिंतीच्या आधारानं अंगणात चालत होती. पट्टा हातात घेऊनच तिच्यापुढं गेलो आणि म्हणालो, "आई, त्या दिवशी तू माझ्यासाठी खोटं बोललीस. तुला मीच उठू दिलं न्हाई. चुकलं माझं."