दत्ताचा गुडघा आणि आमची बंदूक

मी कतारला निघालो त्या दिवशी विमानतळावर मला संशयित ठरवलं ते आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पिशवीने. दर निवडणुकीला परवान्याची बंदूक पोलिस ठाण्यात जमा करायला जाताना ते ज्या खाकी पिशवीतून काडतुसं न्यायचे, तीच. मजबूत आहे म्हणून मीच हट्टाने घेतली. तपासणीत तिच्या अस्तरात एक रिकामं काडतूस निघालं. हे कशाला, असं अधिकाऱ्याने विचारलं आणि मी खरं ते सांगितलं, ‘वानरांसाठी.’ पुढचे तीन तास मी वानरं, डुकरं आणि आंब्याची बाग यांवर व्याख्यान देत होतो. आप्पा बाहेरून, माझ्याविना उडालेल्या विमानाला हात हलवून गावी गेले.

आता दोह्याच्या अल अझीझियात फ्लॅट, लुसैलला ऑफिस आणि मराठीत ओरडलं की इंग्रजीत उत्तर देणारी मुलगी. ऑफिसात एक अमेरिकन इंजिनिअर आहे. आमच्याकडे बंदुकांना लगाम हवा असं बहुतेकांना वाटतं, तरी कायदा काही होत नाही, असं तो लंचला वैतागून सांगायचा. मी ऐटीत म्हणायचो, आमच्या गावात असा ठराव एका दुपारी मंजूर. ही बढाई लक्षात ठेवा.

मग दत्ताच्या गुडघ्यात छर्रे घुसले. दत्ता माझा चुलतभाऊ. पहाटे सुपारीच्या बागेत पाणी लावायला गेला होता, कुणीतरी डुक्कर समजून बार काढला. ते कुणीतरी कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक. पंचनाम्याला मात्र नाही.

दत्ताने कुबडी टेकत साधीच गोष्ट मागितली. निवडणुकीत बंदुका ठाण्यात असतात तेव्हा कुणाची बाग बुडत नाही. मग पीक उभं असेल तेवढेच महिने त्या घरी असाव्यात, एरवी ठाण्यात. ग्रामसभेने तसा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठेच अंगठे पडले. पहिला माझा, थेट दोह्यातून.

सभा मे महिन्यात, मी सुट्टीवर गावातच. पण माणसं भरली नाहीत. कुणाकडे हळद, कुणाची एसटी. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब. तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही, हा नियम अंगठेवाल्यांपैकी एकालाही माहीत नव्हता. बंदूकवाल्या सातही घरांना पाठ होता. आठवड्याने ते सात, त्यांचे भाऊ, मुलगे, सुना, झाडून सगळे हजर. ठराव पडला.

आणि मी? मी पडवीत बसून मॅनेजरसाठी हापूसच्या पेट्या भरत होतो. माझा पाठिंबा शंभर टक्के होता हो, फक्त आंबे पिकायला लागले होते. संताप येतो तो याचाच. ज्यांना नको होतं ते जेवण टाकून गेले. ज्यांना हवं होतं ते आम्ही जेवून पंख्याखाली पडलो. आणि मग कायदा का होत नाही म्हणून जगाला विचारत फिरतो.

त्या सातांत आप्पाही होते. परत येऊन त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली. मी म्हटलं, ‘आप्पा, दत्ता आपल्या घरचा ना?’

‘दत्ता आपलाच रे,’ ते म्हणाले, ‘पण बंदूक पण आपलीच.’

ती दहा वर्षांत उडालेली नाही. वानरं आमच्या कौलांवर बसून निवांत उवा काढतात.

दोह्याला परतल्यावर अमेरिकनाने विचारलं, झाला का ठराव? मी त्याच्या हातावर आंबा ठेवला.

गेल्या महिन्यात आप्पांचं कुरिअर आलं. परवाना आता तुझ्या नावावर करू, सही कर. घराण्याचं काहीतरी तुझ्याकडे राहू दे. कागद तीन दिवस फ्रिजवर पडून होता. चौथ्या दिवशी मी कळवलं, मला परवाना नको, बंदूक कायमची जमा करा. तेव्हापासून आप्पा माझा फोन घेत नाहीत. दत्ताला सांगितलं तर म्हणाला, ‘साताचे सहा होतील कधीतरी, बरं झालं. पण ऑगस्टच्या सभेला अंगठा पाठवू नको. तू ये.’

इकडे आलेल्यांनो, तिकडे राहिलेल्यांनो, माझं घर सध्या एवढंच आहे. एक म्हातारा माझ्याशी बोलत नाही आणि दत्ताने सभेत माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली आहे. तिकीट काढलंय. ऑगस्टमध्ये आंबे नसतात, म्हणजे तीही सबब गेली. आणि पिशवी दोनदा उलटी करून झटकली आहे.