बारा पॅनेलांच्या इंदूमावशी

इंदूमावशी रोज सकाळी सात वाजता गच्चीवर सोलर पॅनेलांची हजेरी घ्यायच्या. पदर कमरेला खोचलेला, हातात ओलं फडकं. "तिवारी! मलिक! बिष्ट!" असं एकेक नाव पुकारत काच पुसायची आणि पॅनेलच्या वतीनं स्वतःच "हाजिर!" म्हणायचं. शेवटचं पॅनेल त्यांचं स्वतःचं. त्याला मात्र त्या "ऊठ गं बाई" म्हणत.

हा प्रकार सुरू झाला आमच्या सौरऊर्जा मोहिमेच्या पत्रकामुळे. दिल्लीत करोल बागेच्या मागे एका सरकारी खात्याच्या भाड्याच्या क्वार्टरांची वसाहत आहे. तिथल्या एका इमारतीवर खात्यानं बारा पॅनेलं बसवली, तीही आम्ही वर्षभर बोंबललो म्हणून. इमारतीत घरं बारा होती. मी पत्रकावर ठोकून दिलं, 'एक घर, एक पॅनेल!' वाचायला झकास होतं. खरं म्हणजे सगळी पॅनेलं मिळून गच्चीच्या टाकीत पाणी चढवणारा एकच पंप चालवणार होती. पण लोकांनी पत्रकावर विश्वास ठेवला. इंदूमावशी सगळ्यांत जुन्या रहिवासी. त्यांनी रीतसर चिठ्ठ्या टाकून पॅनेलं वाटली आणि प्रत्येकाच्या कडेला खडूनं नावं घातली.

त्यांचे यजमान खात्याच्या बागेत माळी होते. ते गेल्यावर मुलगा त्याच खात्यात लागला आणि तिसऱ्या मजल्यावरचं घर टिकलं. पाणी मात्र तिथवर कधी टिकलं नाही. उन्हाळ्यात विजेचा पंप दुसऱ्या मजल्यापर्यंत धापा टाकायचा, वरच्यांनी बादल्या वाहायच्या. मी पहिल्या भेटीत त्यांना 'ऊर्जेची लोकशाही' समजावू लागले, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "अच्छा, ते सगळं ठीक. आता माझ्या गुडघ्याला कळेल असं सांग."

मी म्हटलं, "पाणी आपोआप वर येईल."

"मग हे आधी छापायचं ना, पत्रकवाली!"

माझं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही.

खात्याची अट साधी आणि चीड आणणारी होती. महिनाभर चाचणी. टाकी भरली तर पॅनेलं राहतील. नाही भरली तर उतरवून खात्याच्या अतिथिगृहावर जातील. तिथे कोण तहानलेलं होतं? तिथे एसी चालवायचे होते. मावशींना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बिल्कुल नाही. साहेबांना गार वाऱ्याची हौस असेल तर माझ्या गच्चीवर येऊन झोपा म्हणावं."

पहिले पंधरा दिवस टाकी भरली. मग तिवारीजी पुतणीच्या लग्नाला गोरखपूरला निघाले आणि जाण्याआधी आपल्या पॅनेलवर मोरांची चादर टाकून सुतळीनं बांधून गेले. "हमारे पीछे कोई हमारी धूप खाए, ये ठीक नहीं, बहनजी." मावशींना ते पटलं. गावाला जाताना आपण फ्रिज बंद करतोच की! मग मलिक कुटुंबाच्या लक्षात आलं की आपण सगळेच दिवसभर कामावर असतो, म्हणजे आपली वीज फुकट जाते. त्यांनी जुना पडदा टाकला. आठवड्याभरात सात पॅनेलं झाकली गेली. एकावर तर सोफ्याचं कव्हर होतं, झालरीसकट.

बुधवारी सकाळी मावशींचा फोन आला. "पत्रकवाली, पंप नुसता गुरगुरतोय आणि इंजिनियर आलाय. पळत ये." मुनिरकाहून दोनदा मेट्रो बदलून मी पोचले, तेव्हा इंजिनियर गच्चीवर फाइल उघडून उभा होता.

"मॅडम, ये सो रहे हैं क्या?"

मी खात्याच्या दुजाभावावर भाषण सुरू केलं. मावशींनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. "साहब, एक ढका तो बाकियों को फरक पड़ता है?"

"अम्मा, सब एक ही तार में हैं. एक सोएगा तो सब ऊँघेंगे. यहाँ तो सात सोए पड़े हैं."

मावशींनी गच्चीवरूनच तिवारीजींना फोन लावला. मागे बँड वाजत होता, त्यामुळे त्यांना ओरडावं लागलं. "तिवारीजी, आपकी चादर उतार रही हूँ!"

"अरे बहनजी, फिर हमारी बिजली?"

"आपकी कोई बिजली नहीं है! मेरी भी नहीं! मैंने ही गलत बाँट दी थी!"

सगळी इमारत ऐकत होती. इंजिनियरनं विचारलं, "ये बँटवारे का आइडिया किसका था?"

ते पत्रक माझ्या झोळीत होतं. गठ्ठाच होता. मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मेरा था, साहब. बुढ़ापा है." आणि फडकं घेऊन त्या नावं पुसायला लागल्या, आधी स्वतःचं. मी चादरी ओढून काढल्या. खाली जिन्यात गाठून माफी मागितली, तर म्हणाल्या, "तू मोठी हो, मग माग. आत्ता टाकी बघ."

मुलगा निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. आता त्या वर्ध्याला असतात. लोक मला विचारतात की मोहिमेतला मोठा दिवस कोणता. मोर्चे वगैरे झाले, पण मी त्या बुधवारची दुपार सांगते.

दोनच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या नळातून आधी हवा आली, मग गंज, मग पाणी. पाणी चढल्याच्या अहवालावर रहिवाशाची सही हवी म्हणून इंजिनियर दार वाजवत होता. आतून मावशी ओरडल्या, "रुकिए साहब! सिर से नहा रही हूँ!"

"अम्मा, बस एक साइन..."

"आधा घंटा लगेगा!"

इंजिनियर फाइल मांडीवर घेऊन जिन्यात बसला. मी त्याच्या शेजारी बसले. आत पाणी पडत राहिलं, तांब्यामागून तांब्या, आणि त्यानं घड्याळ बघणं सोडून दिलं.