आईनं गाडीला पाजलेलं पाणी

आईवर मी शेवटचा ओरडलो, ते गाडीच्या वॉटर पंपावरून.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं.

ऑफिसच्या मित्रांना माझी ती लाल गाडी आठवत असेल. स्पोर्ट्स कार, टू-सीटर, सेकंडहँड. पुण्यात मिरवायला घेतली आणि दर सुट्टीत गावी न्यायचो. बुलढाणा जिल्ह्यातलं आमचं गाव खारपाण पट्ट्यातलं. विहिरीचं पाणी असं मचूळ की नवखा माणूस पहिल्या घोटालाच थुंकतो.

गाडी पहिल्यांदा पाहून आई म्हणाली होती, "दोनच सीटा? मंग तुहं लगन झाल्यावर म्या कुठी बसू?"

बाबा गेल्यावर शेती तीच करायची. विहिरीतली मोटर काढून, खोलून, परत बसवणारी बाई. पाना धरायला मला तिनंच शिकवलं.

ते गुलाबी बोंडअळीचं वर्ष. बीटी कपाशीला अळी लागत नाही, या भरवशावर सगळं गाव बसलेलं. बोंडं बाहेरून हिरवीगार, फोडली की आत अळी. कापूस घरी फारसा आलाच नाही, त्यामुळे कापसाची खोली रिकामी होती. दिवाळीला गाडी तिथंच लावली.

सकाळी बघतो तर गाडीखाली पाण्याचं थारोळं. स्टार्ट केली तर घरघर आवाज, आणि टेम्परेचरचा काटा वर.

शेजारचे सलीमचाचा गावातले ट्रॅक्टर मिस्त्री. वाकून बघत म्हणाले, "पंप गेला रे बापू. पार्ट बोलाव, घरीच बसवू."

पुण्याहून कुरियरनं चार दिवसांत पंप आला.

खोलायला आम्ही तिघं. चाचा सांगायचे, मी बोल्ट काढायचो, आई ते सुपात मांडायची. लांब एकीकडे, आखूड एकीकडे.

पंपाखालचं जुनं गॅस्केट, म्हणजे पॅकिंग, चिकटून बसलेलं, निघेना. तर आई खुरपं घेऊन आली.

चाचा घाबरले. "वहिनी, अल्युमिनियम हाय थे, वावर नाही."

आई इतकी हसली की पदर तोंडाला लावून खालीच बसली. खरं सांगू? तेवढं हसणं परत ऐकू यावं म्हणून हे सगळं लिहितोय.

मग पंप बाहेर आला. आत नुसता पांढरा खार. पंख्याची पाती झिजून गेलेली.

"कूलंट कोन टाकते याच्यात?" चाचांनी विचारलं.

"म्या टाकतो ना पाणी," आई म्हणाली. "विहिरीचं. हा आला की दरखेपी."

आमच्याकडे बैलजोडी परगावाहून आली की आधी पाणी, मग चारा. तिनं गाडीलाही तेच केलं होतं. तीन वर्षं. गाडी थंड झाली की बोनेट उघडून चरवीनं पाणी. मी तेव्हा आत लोळत पडलेला असायचो.

मी भडकलो. "तुले समजत नाही तं हात काऊन लावतं? वाटोळं केलं गाडीचं."

ती पंप हातात फिरवून बघत राहिली. म्हणाली, "बोंडावानी झालं हे. बाहेरून काहीच दिसत नाही."

मग हळूच, "पण आपल्याले चालते तं गाडीले काऊन नाही चालणार?"

"लोखंड खाते वहिनी हे पाणी," चाचा म्हणाले.

मी तिच्या हातातला पंप घेऊन बाजूला टाकला.

नवा पंप बसला. खामगावहून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणले. मी ओतत होतो, ती बघत होती.

"इतकं साफ पाणी पेते हे?"

मग तिला शेजारी बसवून पिंपळगाव राजापर्यंत चक्कर मारली. काच खाली, पदर उडतोय, आणि बाई रस्त्यातल्या ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना हात करतेय.

सॉरी तेव्हाच म्हणायला हवं होतं. राहूनच गेलं.

दोन वर्षांनी तिचे पाय सुजले. अकोल्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले. दोन्ही किडन्या निकामी. कारणं बरीच असतात म्हणाले, पण पहिला प्रश्न हाच विचारला, "पाणी कुठलं पितात या?"

नळाला गोड पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं. ते ती माझ्यासाठी आणि पाहुण्यांसाठी झाकून ठेवायची. स्वतः विहिरीचं प्यायची. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून.

मला हे माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. तो खारानं भरलेला पंप मी डोळ्यांनी पाहिला, तरी माझ्या डोक्यात फक्त गाडी होती.

गाडी मागेच विकली.

घरात आता पाणी शुद्ध करायचं मशीन आहे. मीच बसवलं.

तिच्या तेरवीला पाहुणे येणार होते म्हणून.

आई, श्रद्धांजली कशी लिहितात मला माहीत नाही. तुझ्या फोटोपुढं आज तुझीच चरवी भरून ठेवलीय. गोड पाण्याची.

ही कुणासाठी झाकून ठेवू नको. तू पी.