धूळ न लागणारी गाडी

लालबागमध्ये पांढरी गाडी घ्यायची नसते, हे मला पांढरी गाडी घेतल्यावर कळलं. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या मागच्या गल्लीत वर्षभराचे मसाले कुटले जातात आणि ती लाल पूड वाऱ्यावर येऊन टपावर, बोनेटवर, आरशांवर बसते. त्यात समोरच्या टॉवरच्या बांधकामाचं सिमेंट आणि वरून कावळ्यांचा प्रसाद. चार दिवस हात लावला नाही, तर गाडी नुसती फोडणीला टाकायची बाकी राहते.

पण आमची गाडी चार दिवस काय, एक दिवसही पुसायची राहत नसे. सासरे पुसायचे. बस डेपोत गाड्या धुण्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. रोज सकाळी सहाला बादली, त्यात शाम्पूची पुडी, खांद्यावर जुना बनियन, असे खाली उतरायचे ते आठला वर यायचे. सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या महिन्यात गाडी आली आणि तेव्हापासून त्यांचा एकही खाडा नव्हता.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? डॉक्टरांनी त्यांना वाकायला मनाई केली होती आणि मला त्यांच्या गुडघ्यांची काळजी होती, हे खरं. पण त्याहून जास्त मला त्या बनियनचा राग होता. बस ज्या जोराने घासायची, त्याच जोराने ते माझी एवढीशी गाडी घासायचे. उन्हात उभी केली की सगळ्या अंगावर गोल गोल चरे दिसायचे. त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी ठरवलं की गाडीच्या रंगावर एक संरक्षक थर लावून घ्यायचा. मग धूळ चिकटणार नाही, घासायला लागणार नाही आणि बनियन आपोआप निवृत्त होईल.

दादरच्या ऑफिसात विचारलं तर जितकी तोंडं तितकी मतं. एक म्हणाला साधं वॅक्स कर, दोन महिने टिकतं. दुसरी म्हणाली टेफ्लॉन. तिसऱ्याने सिरॅमिकशिवाय बोलू नको म्हणून बजावलं. ज्यांच्याकडे गाडीच नव्हती, त्यांची मतं सगळ्यात ठाम होती. मी तक्ता केला, गुण दिले, बेरीज केली आणि तिन्हींनाही सारखेच गुण पडले. शेवटी परळच्या एका दुकानात गेले. घरातल्या मोठ्या माणसाचा मान म्हणून सासऱ्यांनाही बरोबर नेलं.

दुकानदार विमा एजंटासारखा बोलणारा गृहस्थ होता. त्याने एक सुटं बोनेट आणलं, अर्ध्यावर सिरॅमिक लावलेलं, अर्धं तसंच. वर पाणी ओतलं. लावलेल्या बाजूचं पाणी थेंब थेंब होऊन पळालं. ऊन, पाऊस, कावळे, सगळ्याला पुरून उरतं म्हणाला. मी विचारलं, मिरचीपूड? मिरचीपूड कंपनीने तपासली नसावी, असं त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं. त्या प्रामाणिकपणावर भाळून मी सिरॅमिक नक्की केलं.

बोनेटवर तळवा फिरवत सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग माणसान करूचा काय?"

"काका, काय पण नाय करायचं. आरामात बसून राहायचं."

मी हसले. सासरे हसले नाहीत, पण ते तसेही कमीच हसतात.

गाडी घरी आली ती काचेच्या बरणीसारखी चकचकीत. सात दिवस पाणी लावायचं नाही आणि नंतरही नुसता फवारा मारायचा, अशी दुकानदाराची ताकीद होती. दुसऱ्या दिवशी सासरे बादली घेऊन निघाले, तेव्हा मी दारातच ती ताकीद वाचून दाखवली. त्यांनी बादली मोरीत नेऊन ठेवली. मी जिंकले, असं मला वाटलं.

आठवड्याने आमच्या वॉचमनने मला गेटवर थांबवलं. काका रोज सहाला खाली येतात, म्हणाला, गाडीजवळ दोन तास नुसते उभे राहतात. त्याने वर जाऊन पडा म्हटलं, तर म्हणाले होते की त्या वेळी घरात थांबवत नाही. तुम्ही सगळे झोपलेले असताना दोघं नवराबायको बोलत बसायचे, आता तिथे एकट्याने काय करायचं? मला स्वतःची फार लाज वाटली. गाडीवरचे चरे मला दिसले होते आणि सासूबाई गेल्यापासून दीड वर्ष एका घरात राहून हे दिसलं नव्हतं.

शहाणी बाई असती तर वर जाऊन त्यांच्याशी बोलली असती. मी गाडी मळवायला निघाले.

ऑफिस सुटल्यावर आधी वरळी कोळीवाडा गाठला. सुकत घातलेल्या मासळीवर भरपूर कावळे होते. त्यांच्या खाली गाडी लावणार, एवढ्यात एका मावशीने मला हाकललं. माझ्या गाडीच्या धुळीने तिची मासळी खराब होईल म्हणे! मग रे रोडला गेले. एका लाकडाच्या वखारीसमोर, करवत चालू असताना, वीस मिनिटं काचा लावून बसले. छान भुसा बसला. पण निघाले तर तो घसरायला लागला. दुकानदाराने दिलेली तीन वर्षांची हमी उगाच नव्हती. उरलेला भुसा उडू नये म्हणून मी लालबागपर्यंत बैलगाडीच्या वेगाने आले. मागच्या टॅक्सीवाल्यांनी माझा उद्धार केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

सकाळी साडेसहाला सहज आल्यासारखं दाखवत मी खाली गेले. सासरे पुसत होते. दुकानदाराने दिलेलं मऊ फडकं, अगदी हलक्या हाताने. मला बघून त्यांनी चिमूटभर भुसा बोटांत चोळला, नाकाशी नेला.

"सागाचो भुसो ह्यो. रे रोडचो. तुजा ऑफिस दादराक ना?"

मी रस्ता बंद होता वगैरे सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं.

"इतक्या लांब जाव नको गो. गाडी स्वच्छच बरी दिसता. तू आपली अशीच खाली येत जा."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "बाबा, तुम्ही आणि आई रोज सकाळी एवढं काय बोलायचात?"

फडक्याची घडी घालता घालता ते चक्क हसले. "खरा सांगू? तुजोच विषय असायचो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मला ऑफिसला पाऊण तास उशीर झाला.